घरचं मेडिकल

“खालचं सगळं बरोबर?” सुभेदार तुपे सरांनी विचारलं आणि मान वळवून ते पत्र्याच्या शेडबाहेर बघायला लागले.

“होय सर!” आम्ही बेचाळीस जण एका सुरात ओरडलो.

त्यात माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. खोटं बोलणाऱ्याला जरा जास्तच जोर लावावा लागतो.

म्हसवडकडे जाणाऱ्या रस्त्याला एका उघड्या माळावर आमची भरती अकॅडमी होती. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथं हे ‘घरचं मेडिकल’ व्हायचं. पोलीस भरतीत मैदान आणि लेखी पार करून पोरगं ऐनवेळी खऱ्या मेडिकलला बाद होऊ नये, म्हणून सर आधीच आम्हाला नुसत्या लंगोटावर रांगेत उभं करायचे. गुडघ्याला गुडघा लागतो का, तळपाय सपाट आहे का, छाती फुगवल्यावर पाच सेंटिमीटर वाढते का, दात, कान, सगळं स्वतः तपासायचे. पण लंगोटाच्या आतलं फक्त विचारायचे, तेही दुसरीकडे बघून. सत्तावीस वर्षं फौजेत काढलेला, शत्रूसमोर छाती काढून उभा राहिलेला हा माणूस इथं मात्र नव्या नवरीसारखा लाजायचा. एक प्रश्न, एक होकार, की चला गोळाफेकीला.

या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी मच्छिंद्र काळेल, तेव्हा बावीस वर्षांचा. पहिल्या खेपेला तीन मार्कांनी हुकलो होतो. त्यामुळे या वर्षी काहीही झालं तरी वर्दी अंगावर चढवायचीच होती. आमच्या तात्यांनी तर गावभर सांगून ठेवलं होतं की औंदा पोरगं फौजदार होतंय. शिपाई आणि फौजदार यातला फरक त्यांना सांगून मी दमलो होतो.

गाठ हाताला लागली त्याला तेव्हा दीड महिना होऊन गेला होता. लंगोट आवळताना डाव्या बाजूच्या गोळीवर बोटाला काहीतरी टणक लागलं. हरभऱ्याच्या दाण्याएवढं. दाबून बघितलं, दुखत नव्हतं. दुखत नाही म्हणजे काही नाही, अशी मी मनाची समजूत घातली. पुढं त्या दाण्याची सुपारी झाली, तरी माझी समजूत काही बदलली नाही. मी फक्त एकावर एक दोन लंगोट घालायला लागलो. पोरांमध्ये त्याचं एक शास्त्रच होतं. खाली काही सुजलं की लंगोट आवळायचा, वर थंड पाणी मारायचं. हे कुणी शोधून काढलं ते ठाऊक नाही, पण सगळ्यांना तोंडपाठ होतं. असं कशानं होतं तेही तोंडपाठ होतं. एकतर वाईट सवय, नाहीतर वाईट जागा.

त्यातलं दुसरं मला लागू पडत होतं. वर्षभरापूर्वी पुण्यात सेंटरिंगच्या कामावर असताना सोबतच्यांच्या नादानं मी एकदा एका वस्तीत गेलो होतो. सगळी मिळून अर्ध्या तासाची गोष्ट. नंतर आठवडाभर घशाखाली घास उतरला नव्हता. ही गाठ म्हणजे त्याचीच शिक्षा, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मग डॉक्टरकडे जाऊन सांगणार काय? गाठ दाखवायची म्हणजे ती वस्तीही दाखवणं आलं.

माझ्या खाटेला खाट लावून बिरू वाघमोडे झोपायचा. मेंढपाळाच्या घरचा, बुटका, सोळाशे मीटर धावायला लागला की मागं वळून न बघणारा, आणि जीभ पायांपेक्षा चपळ. सरांपासून भाकरी थापणाऱ्या सखूमावशीपर्यंत कुणाची नक्कल करायचं त्यानं सोडलं नव्हतं. एके दिवशी मला म्हणाला, “काय रं मच्छ्या, हल्ली सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकतुयास. लाजाळूचं झाड झालायस जणू.”

“तुला काय करायचंय?” मी असा अंगावर गेलो की तो दोन पावलं मागं सरकला. पुन्हा तो विषय त्यानं काढला नाही.

चारेक दिवसांनी दुपारी आम्ही दोघं हौदावर कपडे धूत होतो. बाकीची पोरं झोपली होती. बिरूनं इकडेतिकडे पाहिलं, ओला शर्ट तसाच दगडावर टाकला आणि माझ्याजवळ सरकला.

“येक सांगू? कुणाला बोलायचं न्हाय. आईची आण हाय.”

“बोल की.”

“मला खाली गाठ आल्ये.”

माझ्या हातातला साबण पाण्यात गेला. सांगायला लाज वाटते, पण मला पहिल्यांदा काय वाटलं असेल तर तो आनंद. दीड महिना मी जगातला एकटाच माणूस होतो, आणि आता आम्ही दोघं होतो.

“दुखतीय?” मी विचारलं.

“न्हाय. तेच तर कळंना.”

“मला बी हाय,” मी म्हणालो. ते शब्द तोंडातून बाहेर पडले आणि छातीवरचा धोंडा कुणीतरी अर्धा उचलल्यासारखं झालं. मग मला थांबताच येईना. दोन लंगोट सांगितले, रात्रीची झोप उडाल्याचं सांगितलं, पुण्याची ती वस्तीही सांगून टाकली. बिरू मान खाली घालून ऐकत होता. एकदाही हसला नाही, नक्कल तर लांबच.

“तालुक्याच्या दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय म्हणं,” तो शेवटी म्हणाला. “परवा जाऊ.”

“येडा का खुळा तू? पंचवीस दिवसांवर ग्राउंड आलंय. ते होऊ दे, मग बघू. आन् कागदावर आलं म्हंजे आपण बादच की.”

“मी जाणार. पर येकट्याला भ्या वाटतंय गड्या. तू नुसता संगं चल. तुला न्हाय दाखवायचं तर नगं दाखवू, भाहेर बस.”

नुसतं संगं जायला काय जातंय? सरांना सांगितलं की माझी दाढ ठणकतेय आणि बिरू मला घेऊन चाललाय. सरांनी माझ्या गालाकडे निरखून पाहिलं, आणि खरंच सुजलाय म्हणाले.

दवाखान्याच्या दारावर पाटी होती, ‘डॉ. मुजावर’. आम्ही बाकड्यावर बसलो. आधीचा पेशंट बाहेर आला तेव्हा उघड्या दारातून मी आत पाहिलं आणि उठून उभाच राहिलो. आत खुर्चीत एक बाई होत्या. त्याही म्हाताऱ्या नाहीत, आमच्यापेक्षा फार तर तीनचार वर्षांनी मोठ्या.

“बिऱ्या, बाई हाय रं! चल, उठ.”

बिरूचाही चेहरा उतरला होता. पण त्यानं माझ्या शर्टाचं टोक धरून मला खाली बसवलं. “डाक्टर हाय ती,” तो म्हणाला आणि नाव पुकारल्यावर आत गेला.

दहा मिनिटं गेली, पंधरा गेली. मी त्या दाराकडे बघत होतो. तो ओरडत बाहेर येतो की काय, त्या त्याला हाकलून देतात की काय, असं काहीबाही मनात येत होतं. शेवटी तो बाहेर आला. कपाळावर घाम होता, पण चालत आला, धडधाकट.

“काय म्हणाल्या?”

“मशिनीवर आतला फोटू काढायला सांगतील. आता तू जा. मी जिता भाहेर आलो का न्हाय? मग जा.”

तो आत जाऊन आला म्हणून मी गेलो. नाहीतर त्या दारातून मला बैलानं ओढलं असतं तरी मी गेलो नसतो.

डॉक्टर मुजावरांनी कोपऱ्यात बसलेल्या वॉर्डबॉय मामांना जवळ उभं राहायला सांगितलं, पडदा ओढला, हातमोजे घातले. तपासणी दोन मिनिटांत संपली. मी छताकडे बघत होतो. तिथं एक पाल होती, ती अजून माझ्या लक्षात आहे. मग त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, “किती दिवस झाले?”

“आठवडा.”

त्यांनी पेन खाली ठेवून माझ्याकडे पाहिलं.

“दीड महिना,” मी म्हणालो.

“आजवर कुणाशी शरीरसंबंध आलाय का?” त्यांनी हे असं विचारलं, जसं कुणी सकाळी काय खाल्लं ते विचारतं. आवाज चढला नाही, पडलाही नाही. मी पुण्याचं सांगितलं आणि म्हणालो, “म्हंजे त्याचंच फळ हाय ना मॅडम हे?”

“नाही. या गाठीचा त्याच्याशी काही संबंध नाही. ही ब्रह्मचाऱ्यालाही होते.” त्या कागदावर लिहीत बोलत होत्या. “त्या गोष्टीसाठी रक्ताची वेगळी तपासणी असते, तीही आज करून घेऊ. ती तुम्ही वर्षापूर्वीच करायला हवी होती. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

कोण सांगणार? घरात या विषयावर बकरीसुद्धा बोलत नव्हती. मी मान हलवली.

“आणि दुखत नाही म्हणून थांबू नका. या गाठी दुखतच नाहीत बऱ्याचदा. उद्याच साताऱ्याला जाऊन सोनोग्राफी करा.”

दारापाशी पोचल्यावर मी वळून विचारलं, “मॅडम, बिरूला बी हेच हाय का?”

“त्यांचं त्यांना विचारा,” त्या म्हणाल्या. “तुमचं मी त्यांना सांगणार नाही, तसं त्यांचं तुम्हाला नाही.”

सोनोग्राफीचा रिपोर्ट घेऊन मी पुन्हा त्यांच्यासमोर बसलो तेव्हा त्यांनी आडपडदा ठेवला नाही. कॅन्सर असण्याची दाट शक्यता आहे, डावी बाजू काढावी लागेल, पुण्याला. शब्द कानात शिरला आणि खोलीतला पंखा फिरायचा थांबल्यासारखं वाटलं. मी मरणार हे मी मनातल्या मनात ठरवूनही टाकलं.

“लवकर काढलं तर बहुतेक जण पूर्ण बरे होतात,” त्या म्हणाल्या. “आणि एक शिल्लक राहतं. एकावर संसार होतो, साधारणपणे मुलंही होतात. कुणी काही सांगितलं तर मनावर घेऊ नका.”

“ग्राउंड झाल्यावर केलं तर? अठराच दिवस हायती मॅडम.”

“ग्राउंड पुढच्या वर्षीही असतं,” त्या म्हणाल्या. पुढचं वाक्य त्यांनी मुद्दामच उच्चारलं नाही, पण मला ते ऐकू आलं.

तरी मी अडून बसलो. बाहेर कडुलिंबाखाली बिरूला म्हणालो, “तू काय करणार?”

“करून घेणार.”

“कवा?”

“तू आधी हो. तुझं बघून मी जातो. दोघं येकदम पडलो तर उशापायथ्याला बसायचं कुणी?”

हे मला पटलं. तात्यांना सगळं सांगितलं, म्हणजे सांगताना अर्धं माझ्या आणि अर्धं त्यांच्या डोळ्यांतून वाहिलं. फौजदारकीचं त्यांनी नावसुद्धा काढलं नाही. एवढंच विचारलं, “जिवाला काय न्हाय ना होणार?” आणि घोंगडं खांद्यावर टाकून माझ्याबरोबर निघाले. बिरूही आला. सरांनी रजा दिली नव्हती, तरी आला.

ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी मी उशीला टेकून बसायला लागलो. तात्या औषधं आणायला गेले होते. बिरू स्टुलावर बसून मोसंबी सोलत होता. जखम ठणकत होती, पण मन हलकं होतं, म्हणून मी मोठ्या भावाच्या तोऱ्यात म्हणालो, “हे बघ, भ्यायचं काय कारण न्हाय. कळत बी न्हाय. आता तुझी तारीख कंची, ते सांग.”

बिरूनं एक फोड सोलली, दुसरी सोलली.

“बिऱ्या, तुला इचारतोय.”

“मला काय न्हाय,” तो म्हणाला.

“म्हंजे? रिपोर्ट चांगला आला?”

“रिपोर्ट काढलाच न्हाय. गाठ नव्हतीच मला.”

मला कळायला थोडा वेळ लागला, आणि कळलं तशी उशाचा स्टीलचा पाण्याचा तांब्याच उचलून मी त्याच्या अंगावर फेकली. शेजारचे दोन पेशंट दचकून उठले. “खोटारड्या! पोटातलं सगळं काढून घेतलंस माझ्या! त्या वस्तीचं बी सांगितलं तुला, तू बी माझ्यासारखाच म्हणून! मी तुझ्यापुढं नागडा झालो, आन् तू कापडं घालून मजा बघत बसलास!” आणखीही बरंच बोललो, ते इथं लिहिण्यासारखं नाही. बिरू भिजल्या शर्टानं उठला, सोललेली मोसंबी कागदावर नीट ठेवली आणि निघून गेला.

गाठ कॅन्सरचीच निघाली, पण बाहेर कुठं पसरली नव्हती. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं की आणखी दोनतीन महिने थांबलो असतो तर गोष्ट वेगळी झाली असती. रक्ताच्या तपासणीतही काही निघालं नाही. मग आधी दर तीन महिन्यांनी, पुढं वर्षातून एकदा मी तपासून घेत आलो, अजूनही घेतो. लग्नाच्या आधी बायकोला सगळं सांगितलं. आता दोन मुली आहेत. वर्दी काही अंगावर चढली नाही, पण त्याच अकॅडमीत मी पोरांना पळवतो. तुपे सर गेल्यापासून घरचं मेडिकलही माझ्याकडेच आहे. मी मान वळवत नाही. महिन्यातून एकदा आंघोळ करताना स्वतःच्या हातानं कसं तपासायचं ते पोरांना दाखवतो, आणि कुणाकुणाला डॉक्टरकडे जायचंय असं विचारण्याआधी माझं सांगतो. तसं सांगायला मी कुठं शिकलो, ते मात्र त्यांना कधी सांगितलं नाही.

ऑपरेशननंतर सहा महिने मी बिरूशी बोललो नाही. तो भरती झाल्याचं गावात कुणाकडून तरी समजलं, तर जळफळाट झाला आणि त्या जळफळाटाची लाजही वाटली. मग एका सकाळी तोच आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. नाशिकला ट्रेनिंगला निघाला होता, पाठीवर पिशवी होती. आईनं चहा दिला. आम्ही दोघं गोठ्याच्या ओट्यावर बसलो.

“अजून राग हाय?” त्यानं विचारलं.

“हाय.”

“असू दे. पर जिता हायस न्हवं?”

चहाचा कप खाली ठेवून मी विचारलं, “त्या दिशी आत पंधरा मिनटं काय करत हुतास मग?”

“मॅडमना खरं सांगितलं. म्हणलं, मला काय न्हाय, भाहेर बसलाय त्याला हाय, आन् मी आधी गेल्याबिगर त्यो यायचा न्हाय. मला जरा येळ आत बसू द्या. तर म्हणाल्या, आलायच तर तुमची बी तपासणी करून घेऊ.” बिरूनं कपाळाला हात लावला. “आयला, घाम फुटला गड्या! काय नसताना समदं काढून दाखवावं लागलं.”

मला हसू आवरलं नाही. त्यालाही आवरलं नाही. सहा महिन्यांचा राग त्या हसण्यात बराचसा वाहून गेला.

“पर तुला कळलं कसं रं?” मी विचारलं. “मी तर अंगाला वारा लागू दिला नव्हता.”

बिरूचं हसू हळूहळू ओसरलं. तो गोठ्यातल्या म्हशीकडे बघत राहिला.

“आमचा थोरला दादा,” तो म्हणाला. “तेवीस वर्षांचा हुता, गेला तवा. घरात अजून सांगत्यात की कावीळ झाली हुती म्हणून. मला ठावं हुतं, त्याला खाली गाठ हुती; त्यो बी तुझ्यासारखाच सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकायचा. मी चवदा वर्षांचा, येकाच घोंगड्यात झोपायचो आमी. त्यानं मला आण घातली, कुणाला बोलायचं न्हाय. मी न्हाय बोललो. आण पाळली.”

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला. इतके महिने खाटेला खाट लावून झोपलो, आणि या माणसाच्या पोटात काय आहे ते मी एकदाही विचारलं नव्हतं.

“मागनं लई इचार केला,” बिरू म्हणाला. “आईला सांगितलं असतं तर त्यो घर सोडून पळाला असता. कुणी धरून न्हेला असता, तर दवाखान्याच्या दारातनं माघारी फिरला असता. लाजत हुता रं त्यो, दुसरं काय नव्हतं. त्याला कुणीतरी नुसतं म्हणाय पायजे हुतं, ‘मला बी हाय, चल, संगं जाऊ.’”